स्टूल जरा खाली होतं

गाणाऱ्याला सबबींची ददात नसते. घसा बसलेला असतो, तानपुरा उतरलेला असतो, तबलजी आयत्या वेळी बदललेला असतो, नाहीतर आदल्या रात्री कुणाच्या तरी रिसेप्शनला आइस्क्रीम खाल्लेलं असतं. सतारियाची तार ऐन झाल्यात तुटली, तर श्रोत्यांना त्याच्याबद्दल उलट मायाच वाटते. पियानोवाल्याची मात्र पंचाईत आहे. त्याच्या वाद्याचे सूर लावायचं काम दुसराच कुणीतरी येऊन करून गेलेला असतो. मधली सी दाबली की मधली सीच वाजते; दाबणारं बोट रुबिनस्टाइनचं असो, नाहीतर फडकं मारायला आलेल्या मावशींचं. 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या पट्ट्या समोर ओळीनं मांडलेल्या असतात, आणि त्यातली चुकीची वाजली तर ती आपणच दाबलेली असते. घसा नाही, तार नाही, तबलजी नाही. आळ घ्यायला जवळपास एकच इसम उरतो: बुडाखालचं स्टूल.

चाळिशी-पन्नाशीच्या आसपास पियानोच्या नादी लागलेली आम्ही काही मंडळी पुण्यात आहोत. एक निवृत्त बँक अधिकारी, एक दाताच्या डॉक्टरीणबाई, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर काका, आयटीतला एक तरुण (तो अडतीस वर्षांचा आहे, पण आमच्यात तरुणच), आणखीही आहेत. आमच्या टीचर मूळच्या मडगावच्या, लग्न होऊन कॅम्पात आलेल्या. अधूनमधून त्यांच्या हॉलमध्ये आमचं रिसायटल होतं. मुलांचं रिसायटल असलं की आईबाप पहिल्या रांगेत फोन धरून बसतात. आमच्या रिसायटलला आमची मुलं येत नाहीत. त्यांना परीक्षा असते, नाहीतर ती कॅलिफोर्नियात असतात. त्यामुळे वाजवणारे तेच, ऐकणारे तेच, आणि बटाटेवडे आणणारेही तेच.

अशा मेळाव्यात टीकेला कितपत वाव असणार? पुढच्या दहा मिनिटांत आपणही तिथे बसणार आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ‘तुम्ही फार वाईट वाजवलंत’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. पण पुणेकर असल्यामुळे गप्पही राहवत नाही. यावर गटानं काढलेला तोडगा म्हणजे बसण्याबद्दलचा सल्ला. वाजवून झालं की टाळ्या होतात, ‘वा, वा’ होतं, आणि मग पहिला आवाज येतो, ‘स्टूल जरा खाली होतं का हो?’ वाजवणारा लगेच मान डोलावतो. ‘तरी मला वाटलंच!’ एवढ्यावर दोघांचीही अब्रू राहते.

हळूहळू या सल्ल्यांची एक भाषाच तयार झाली आहे. नवख्याला ती कळायला वेळ लागतो. ‘खांदे थोडे वर होते’ याचा अर्थ, पहिल्या सुरापासून तुमची भीतीनं गाळण उडालेली होती. ‘मनगट जरा सैल सोडा’ म्हणजे तो जलद भाग पूर्णपणे कोसळला. ‘पाय नीट टेकत नव्हता बहुतेक’ म्हणजे पेडल सुरुवातीला दाबलंत ते शेवटपर्यंत सोडलंच नाहीत, आणि सगळ्या सुरांचा मिळून काला झाला. ‘थोडं मागे सरकून बसा’ हे ज्यांनी पियानो बडवला त्यांच्यासाठी असतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘श्वास घ्या’. ‘श्वास घ्या’ असं कुणी म्हणालं, की समजावं, आता सुधारणेची आशा सगळ्यांनीच सोडलेली आहे. माणूस जगला तरी पुष्कळ.

स्टुलाला दोन्ही बाजूंना गोल मुठी असतात. त्या पुढे फिरवल्या की गादी वर येते, मागे फिरवल्या की खाली जाते. टीचरच्या स्टुलाची डावी मूठ दर फेऱ्याला कुरकुरते. रिसायटलमध्ये प्रत्येक जण बसण्याआधी त्या मुठी फिरवतो. बँक अधिकारी सहा फुटी, ते चार फेरे खाली नेतात. त्यांच्या मागून येणाऱ्या डॉक्टरीणबाई पाच फुटी, त्या चार फेरे वर आणतात. पुढचा परत खाली, त्याच्या पुढचा परत वर. संध्याकाळच्या शेवटी स्टूल जिथे होतं तिथेच आलेलं असतं. तरीही हा विधी कुणी टाळत नाही, कारण अख्ख्या कार्यक्रमात पूर्ण आत्मविश्वासानं पार पडणारा हा एकच भाग आहे. त्यात चुकीचा सूर लागत नाही, लय पळत नाही, आणि श्रोते श्वास रोखून बघत असतात. बँक अधिकारी मुठी फिरवून झाल्यावर एकदा छताकडे बघतात आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसतात. तेवढ्यात त्यांनी उठून नमस्कार केला असता, तर ती मैफल कायम लक्षात राहिली असती.

बसण्याचे नियम तसे मोजके आहेत आणि सगळीकडे तेच सांगतात. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावं. पाऊल पूर्ण टेकावं. हात सरळ केले, तर मुठी पट्ट्यांच्या मागच्या उभ्या फळीला लागाव्यात, इतकं अंतर ठेवावं. कोपर ते मनगट ही रेघ जमिनीला समांतर असावी. खांदे सोडून द्यावेत. यातला ‘खांदे सोडून द्यावेत’ हा नियम सोडला, तर बाकीचे सगळे मोजपट्टीनं तपासता येतात, आणि इथेच आमच्या इंजिनियर काकांचं फावलं. काका घरून पाणसळ घेऊन आले. गवंड्याकडे असते तीच, फक्त छोटी, पिवळी. ती त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधोमध आडवी ठेवली. हिरव्या पाण्यातला बुडबुडा कोपराकडे सरकला. म्हणजे कोपर वर. दोन फेरे खाली. बुडबुडा मनगटाकडे. अर्धा फेरा वर. बुडबुडा थरथरला आणि दोन काळ्या रेघांच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यानंतर काय वाजवलं, ते आता कुणालाच आठवत नाही.

काकांकडे आकडेही असतात. पट्टी दाबली की ती जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, आणि तिला खाली न्यायला पन्नास ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. हे सांगून ते बँक अधिकाऱ्यांना म्हणाले, ‘पन्नास ग्रॅम! आणि तुम्ही खांद्यापासून जोर लावताय. पाया खणताय का?’ गटाच्या सभ्यतेत हे बसणारं नव्हतं. टीचरनं लगेच वडे पुढे केले.

टीचरची स्वतःची शिकवण्याची पद्धत वेगळी आहे. त्या मागून येतात आणि खांद्यांवर दोन बोटं ठेवतात. ‘खाली. अजून खाली. अजून. ते कान नव्हेत बाबा, खांदे आहेत.’ एवढंच. लहानपणी ‘पोक काढून बसू नकोस’ हे ऐकून ऐकून आमच्या पिढीच्या पाठीचं जे काही झालं ते झालं. आता साठीच्या उंबरठ्यावर परत कुणी तरी मागे उभं राहून तेच सांगतंय, याचं काही जणांना बरंही वाटतं. आईनंतर पाठीची चौकशी करणारं कुणी उरलेलं नसतं. फिजिओथेरपिस्ट करतात, पण ते पैसे घेतात.

बसण्याचं हे वेड आमच्यापासून सुरू झालं, असा आमचा दावा नाही. फ्रांस्वा कुपरँ हा फ्रान्सच्या राजदरबारातला मोठा संगीतकार. त्यानं 1716 साली हार्प्सिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक पुस्तक छापलं. पियानो तेव्हा इटलीत नुकता कुठे रांगत होता, पण बसण्याचा प्रश्न तोच. कुपरँ सांगतो, कोपर, मनगट आणि बोटं एका पातळीत असावीत. मोठ्या माणसानं कंबरेपासून पट्ट्यांपर्यंत साधारण नऊ इंचांचं अंतर ठेवावं. शरीर किंचित उजवीकडे वळलेलं असावं. इथवर ठीक. पुढे तो म्हणतो, की वाजवताना तोंड वेडंवाकडं होत असेल, तर नोटेशन ठेवायच्या फळीवर आरसा ठेवावा. हे वाचल्यावर मी आमच्या गटाचे चेहरे डोळ्यांपुढे आणले. डॉक्टरीणबाई कठीण जागा आली की आपलं तोंड उघडतात, बहुधा पेशंटला सांगून सांगून लागलेली सवय. बँक अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर एखादं मोठं कर्ज बुडाल्याचे भाव असतात. आयटीतला तरुण ओठ आत ओढून घेतो, इतके की ओठ होते की नव्हते असं वाटावं. आरसा ठेवला तर यातलं कुणीही दुसऱ्यांदा पियानोपाशी जाणार नाही. बहुधा म्हणूनच कुपरँची ही सूचना टीचरनं आजवर आमच्यापासून लपवून ठेवली असावी.

शिवाय तो सांगतो, की नजर एका जागी खिळवून ठेवू नये आणि ती भिरभिरतीही नसावी. समोर मंडळी असतील तर त्यांच्याकडे पाहावं, आपल्याला दुसरं काही काम नाही अशा थाटात. आमच्यापैकी कुणी वाजवता वाजवता मंडळींकडे पाहिलंच, तर ते ‘पुढचं पान उलटा’ हे खुणावण्यासाठी. आणि उशिरा शिकायला लागलेल्यांसाठी कुपरँकडे खास उपाय आहे: बसण्याआधी बोटं सगळ्या दिशांना ओढावीत, किंवा कुणाकडून तरी ओढून घ्यावीत. ‘कुणाकडून तरी’ हे फार मोलाचं. आमच्यात सध्या जोड्या लावायचं काम चालू आहे.

पण कुपरँची माझी सगळ्यांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. लहान मुलांना शिकवून झालं, की तो वाद्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात घालून घरी न्यायचा. आपण पाऊण तास खपून जे बसवलं, ते आपल्या पाठीमागे मुलं एका क्षणात बिघडवून टाकतील, ही धास्ती. सराव करू नका, असं सांगणारा शिक्षक संगीताच्या इतिहासात दुसरा नसेल. टीचरना मी हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ आमच्या बँक अधिकाऱ्यांकडे पाहत राहिल्या.

एकोणिसाव्या शतकात माणसांचा स्वतःच्या खांद्यांवरचा विश्वास उडाला आणि यंत्रं आली. 1814 मध्ये लोगिए नावाच्या गृहस्थानं ‘कायरोप्लास्ट’चं पेटंट घेतलं. पियानोच्या समोर दोन आडव्या दांड्या, त्यांच्या मधून मनगट घालायचं, आणि प्रत्येक बोटाला वेगळा खण. बोट इकडे-तिकडे जाईल कशाला? पॅरिसचा नामांकित वादक काल्कब्रेनर यानं पुढे त्यातली एकच दांडी ठेवली, हात त्यावर टेकवून वाजवायचं. मन गुंतवायला सरावाच्या वेळी काहीतरी वाचावं, असंही तो सांगायचा. याच काल्कब्रेनरनं 1831 मध्ये पॅरिसला आलेल्या तरुण शोपँला ‘माझ्याकडे तीन वर्षं शीक’ असं सुचवलं होतं. शोपँनं नम्रपणे नकार दिला, आणि दांडी वाचली की शोपँ वाचला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. शोपँची स्वतःची रीत उलट होती. नवशिक्याचा हात तो पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवतच नसे. मधली तीन लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी ही आखूड बोटं पांढऱ्यांवर. हात आपोआप जसा पडतो तसा. टीचर हीच रीत शिकवतात आणि ती इतकी आरामाची आहे की हात तिथे ठेवला की उचलावासाच वाटत नाही. वाजवायला लागलं की मग पुढच्या अडचणी.

बसण्याच्या प्रश्नावर वाद पेटला, की कुणीतरी पियानोवादक ग्लेन गुल्डचं नाव काढतंच. बहुधा आयटीतला तरुण. गुल्डच्या वडिलांनी एका घडीच्या लाकडी खुर्चीचे पाय कापून तिला खालून स्क्रू बसवून दिले होते. जमिनीपासून चौदा इंच उंचीची ती खुर्ची गुल्डनं जगभर नेली, आयुष्यभर वापरली. गादी फाटली, आतलं भरण गेलं, शेवटी नुसता सांगाडा उरला, तरी तो तिच्यावरच बसायचा; आणि एवढ्यानं भागेना म्हणून पियानोच्या पायांखाली ठोकळे घालून पियानोही वर उचलून घ्यायचा. ताटात नाक खुपसून जेवणाऱ्या पोरासारखा तो पट्ट्यांवर वाकलेला असायचा आणि वर गुणगुणायचा. 1955 मध्ये याच थाटात त्यानं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स रेकॉर्ड केली आणि सगळं जग गप्प झालं. ‘मग पोक काढलं तर बिघडलं कुठे?’ असा तरुणाचा सवाल. बिघडलं कुठेच नाही. गुल्डची सगळी बैठक त्यानं उचलली आहे. फक्त गोल्डबर्ग व्हेरिएशन्स राहिली आहेत.

या तरुणाची मूळ अडचण मात्र खुर्चीची नव्हतीच. त्यानं घरी डिजिटल पियानो घेतला, आणि तो ठेवायला मिळतो तो इंग्रजी एक्सच्या आकाराचा घडीचा स्टँड. त्या स्टँडच्या फुलीत गुडघे अडकतात. स्टँड वर घ्यावा तर तो अरुंद होऊन डुगडुगतो, खाली घ्यावा तर गुडघे पियानोला टेकतात. स्टूल न घेता त्यानं घरातली प्लॅस्टिकची खुर्ची वापरली आणि ती उंच करायला सासऱ्यांचे जुने दिवाळी अंक रचले. पण दिवाळी अंकांची जाडी दरवर्षी वेगळी. आणि सासरे मधूनच येऊन ‘त्यातला एक कथा विशेषांक द्या जरा’ म्हणून खालचा अंक काढून न्यायचे. त्या दिवशी त्याचं बाख दोन सेंटिमीटरनं घसरायचं.

आमच्या पिढीला पियानोपाशी बसायचं पहिलं शिक्षण हिंदी सिनेमानं दिलं, हेही इथे सांगायला हवं. 1949 च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार, 1964 च्या ‘संगम’मध्ये राज कपूर. पार्टी चालू आहे, नायक सुटाबुटात पियानोशी बसला आहे, आणि त्याच्या मनातली बोच खोलीतल्या एका ठराविक माणसाशिवाय कुणालाच कळत नाही. त्या बैठकीचं शास्त्र असं: कंबर पियानोकडे, छाती प्रेक्षकांकडे, मान पूर्ण वळलेली आणि डोळे नायिकेवर. हात काय करताहेत, याच्याशी कॅमेऱ्याला कर्तव्य नाही. आजच्या फिजिओथेरपिस्टला हे दृश्य दाखवलं तर तो नायकाच्या विरहाआधी त्याच्या मानेवर उपचार सुरू करील. तसा हा वारसा जुनाच आहे. पियानो आडवा ठेवून प्रेक्षकांना आपली एक बाजू दाखवत बसायची प्रथा डुसेक नावाच्या बोहेमियन वादकानं पाडली, असं सांगतात. त्याला ‘देखणा डुसेक’ म्हणायचे. म्हणजे मैफलीतली आजची मान्य बैठक ही आरोग्यासाठी नसून नाकासाठी आहे.

आमच्या वयाला मानेचं खरं कारण दुसरंच आहे, ते म्हणजे चष्मा. ज्यांना जवळचं आणि लांबचं असे दोन्ही नंबर आहेत, त्यांनाच हे दुःख कळेल. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायची जागा अगदी खाली असते, कारण माणूस पुस्तक मांडीवर धरून वाचतो असं काच बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. पियानोवरचं नोटेशन मात्र डोळ्यांसमोर, हातभर लांब उभं. ते काचेच्या खालच्या भागातून बघायचं, तर हनुवटी वर करावी लागते. हनुवटी वर केली की पट्ट्या दिसत नाहीत. पट्ट्या बघायला मान खाली घातली की नोटेशन धूसर. असं वर-खाली करत एक पानभर शुमान वाजवला, की मागून बघणाऱ्याला वाटतं काय तन्मय होऊन डोलतायत! डॉक्टरीणबाईंनी शेवटी चष्मेवाल्याकडे जाऊन टेप लावून अंतर मोजलं आणि फक्त पियानोसाठी एका नंबरचा चष्मा करून घेतला. तो लावल्यावर त्यांना नोटेशन लखलखीत दिसतं, पट्ट्याही दिसतात. फक्त समोरची मंडळी दिसत नाहीत. त्या म्हणतात, या चष्म्याचा हाच खरा फायदा.

पेटीवरून पियानोकडे आलेल्या माणसांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. आमच्यात एक काका आहेत, तरुणपणापासून हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. गोविंदराव पटवर्धनांचं नाव निघालं की आजही कानाला हात लावतात. बोटं तयार, सूर पक्का, बसणंही खुर्चीवरचं, त्यामुळे टीचरना वाटलं, हा विद्यार्थी आयताच मिळाला. पण नाटकातल्या ऑर्गनला खाली भाता असतो आणि तो दोन्ही पायांनी आळीपाळीनं मारावा लागतो, नाहीतर आवाज बंद. चाळीस वर्षं ज्या पायांनी बालगंधर्वांच्या पदांना वारा घातला, ते पाय पियानोखाली कसे गप्प राहतील? पियानोचं उजवं पेडल सूर लांबवतं, डावं आवाज मऊ करतं. काका दोन्ही मारतात. एकामागून एक, न थांबता, ठेक्यात. त्यामुळे बेथोव्हेन आळीपाळीनं घुमतो आणि दबतो, घुमतो आणि दबतो. टीचरनं त्यांना सांगून पाहिलं, की पाय हलवला नाही तरी पियानो वाजतो. काकांनी करून पाहिलं. वाजला. ‘वाजतो खरा,’ ते म्हणाले, ‘पण त्याला जीव नाही वाटत.’ आणि पाय सुरू. त्यांना मात्र स्टुलाबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही. काय बोलणार?

हौशी म्हणून आम्हाला कुणी हिणवू नये यासाठी आमच्याकडे मोठी नावं तयार असतात. 1989 पासून पॅरिसमध्ये हौशी पियानोवादकांची स्पर्धा होते. 1999 पासून टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्नच्या नावाची हौशींची स्पर्धा सुरू झाली, तिला वयाची अट पस्तिशीच्या पुढची. आमच्यातले सगळे तिला पात्र आहेत, निदान वयाच्या बाबतीत. पण खरा आदर्श म्हणजे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट. पदावर असतानाच त्यांनी मोत्सार्टचा तीन पियानोंचा कॉन्चेर्टो दोन नामवंत वादकांबरोबर आणि लंडन फिलहार्मोनिकबरोबर रेकॉर्ड केला. हा कॉन्चेर्टो मोत्सार्टनं 1776 मध्ये साल्झबर्गच्या एका सरदारीणबाई आणि तिच्या दोन मुलींसाठी लिहिला होता, आणि तिसरा पियानो मुद्दाम सोपा ठेवला होता, कारण धाकटी मुलगी बेताचीच वाजवायची. श्मिटसाहेबांनी तिसरा पियानो घेतला. राज्यकर्त्याला स्वतःची कुवत इतकी नेमकी माहीत असणं, हे त्या रेकॉर्डचं सर्वांत दुर्मीळ अंग असावं.

दुसऱ्याच्या आधारानं वाजवण्याचा हा धडा घेऊनच मागच्या रिसायटलला बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी एकाच पियानोवर चार हातांचं वाजवायला बसले. काकू वरच्या बाजूला, काका खालच्या. डायबेली या ऑस्ट्रियन गृहस्थानं अशा जोड्यांसाठी फार सोयीची रचना करून ठेवली आहे: एकाला पाचच सूर, हात जागचा हलवायचा नाही, बाकीची सगळी हमाली दुसऱ्यानं करायची. काकूंना पाच सूर. काका सहा फुटी, काकू जेमतेम पाच, आणि दोघांना मिळून स्टूल एक. ते कुणाच्या मापाचं करायचं, यावर घरी आठवडाभर चर्चा झालेली दिसत होती, कारण दोघांचेही हात मुठींकडे एकदमच गेले आणि एकदमच मागे आले. शेवटी मधलं माप धरलं. त्यामुळे काकांचे गुडघे वर आणि काकूंचे पाय अधांतरी.

सातव्या बारपाशी दोघं वेगवेगळ्या गावी गेले. काकू पुढे, काका मागे. कसेबसे शेवटाला भेटले. टाळ्या झाल्या आणि आम्ही सवयीनं स्टुलाकडे पाहिलं. पण आज स्टुलाला कुणी विचारलंच नाही.

‘तुमचं कोपर,’ काकू म्हणाल्या.

‘तू धावत होतीस.’

‘पेडल कोणाच्या पायाखाली होतं?’

‘माझ्या. तुझा पाय पोचतो का?’

पेडल खालच्या बाजूच्या वादकानं सांभाळायचं असतं हे टीचरनं सांगितलं, पण त्यानं काही साधलं नाही. आमच्या गटात पहिल्यांदाच कुणी कुणाला थेट तोंडावर दोष देत होतं, आणि बाकीचे वड्यांच्या ताटाकडे बघत उभे होते. तेव्हा इंजिनियर काका पुढे झाले. त्यांनी आतल्या खोलीतून दोन वेगळ्या खुर्च्या आणवल्या. एकीवर उशी घातली, दुसरीवरची काढली, काकूंच्या पायाखाली पाट दिला. खिशातून पाणसळ काढली. काकूंचा उजवा हात, डावा हात. काकांचा उजवा, डावा. चारही हातांवर बुडबुडा बरोबर मध्ये. खांद्यांना टीचरनं दोन-दोन बोटं लावली. आता दोघं बसण्याच्या बाबतीत कुपरँलाही दाखवण्याजोगे झाले होते.

‘हं, परत एकदा,’ टीचर म्हणाल्या.

त्यांनी परत वाजवलं. सातवा बार आला. काकू पुढे, काका मागे.

खोलीत कुणी काही बोलेना. काकू काकांकडे बघत होत्या, काका काकूंकडे. इंजिनियर काका सावकाश खाली बसले, मग जमिनीवर एक हात टेकून त्यांनी पियानोच्या खाली डोकं घातलं. त्यांनी टेप लावली, पट्ट्यांची उंची मोजली, पुन्हा मोजली. मग गुडघे झाडत उठले.

‘त्र्याहत्तर आहे,’ ते म्हणाले. ‘पियानोच जरा उंच आहे.’

‘तरी मला वाटलंच!’ दोघंही एकदम म्हणाले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, अगदी एका बारवर.